पलंगाखालची जाळी

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात बेकर नावाचं चिमुकलं गाव आहे आणि त्या गावात 134 फूट उंचीचा एक थर्मामीटर उभा आहे. जवळच्या डेथ व्हॅलीत 10 जुलै 1913 रोजी 134 अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास 57 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. त्याच्या आठवणीसाठी अंशाला एक फूट असा हिशेब करून हा खांब उभारला. लॉस एंजेलिसहून लास व्हेगासला जाणारा इंटरस्टेट 15 हा हमरस्ता इथूनच चढाला लागतो. बेकर समुद्रसपाटीपासून साधारण 280 मीटरवर, तर पुढचा माउंटन पास 1,440 मीटरच्या आसपास. मध्ये पंचावन्न-छप्पन्न किलोमीटर ऊन आणि खडक. इंजिन तापू द्यायचं नसेल तर एसी बंद करा, अशी पाटीच सरकारने कडेला लावून ठेवली आहे.

त्या पाटीला मिस्त्रींनी मनोमन नमस्कार केला. आंबा घाटात अशी पाटी कुणी लावली नव्हती. तिथे ड्रायव्हरला स्वतःच कळावं लागे.

मिस्त्री म्हणजे एसटीच्या विभागीय कार्यशाळेत 31 वर्षं इंजिनं उघडलेला माणूस. निवृत्तीनंतर दर वर्षी सहा महिने ते मुलाकडे येतात. मुलाने दोन वर्षांपूर्वी वापरलेलं मोटारहोम घेतलं: 38 फूट लांब, वीस वर्षं जुनं, डिझेलवर चालणारं. आत ओटा, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, आणि पार मागे निजायची खोली. या जातीच्या गाडीला इकडे ‘पुशर’ म्हणतात, कारण इंजिन मागे असतं आणि गाडी मागून ढकलल्यासारखी चालते. नेमकं सांगायचं तर ते पलंगाखाली असतं. जुन्या एसटीत इंजिन ड्रायव्हरच्या गुडघ्याला लागून असे. त्याचा श्वास जरा चुकला तरी कानाला कळे. इथे ते अकरा मीटर मागे, गादीखाली. मिस्त्रींची पहिली तक्रार हीच होती, की या गाडीत इंजिन ऐकूच येत नाही.

त्यामुळे जूनमधल्या या प्रवासात काय बिघडतंय ते कानाआधी काट्याने सांगितलं. एरवी 190 फॅरनहाइटवर बसलेला काटा वाटेतल्या हॅलोरन समिटच्या चढावर 220 च्या पुढे गेला आणि इंजिनाच्या संगणकाने आपण होऊन ताकद कमी केली. मुलाने गाडी कडेला घेतली आणि चावीकडे हात नेला.

“बंद करू नकोस,” मिस्त्री म्हणाले. “न्यूट्रलला टाक, रेस थोडी वाढव आणि हीटर लाव.”

“बाबा, बाहेर त्रेचाळीस आहे!”

“लाव म्हटलं ना.”

तापलेलं इंजिन एकदम बंद केलं की पंप थांबतो, पाणी जागच्या जागी राहतं आणि हेडमधली उष्णता तिथेच कोंडते. हीटर म्हणजे दुसरा, छोटा रेडिएटरच. निघेल तेवढी उष्णता तिथूनही निघते. पाणी उडालेलं नव्हतं, पट्टा फिरत होता, म्हणून हा उपाय चालला. पाणीच गेलं असतं तर मात्र इंजिन ताबडतोब बंद. सूनबाई आणि नात दार उघडून गाडीच्या सावलीत उभ्या राहिल्या, काटा इंचाइंचाने उतरला, आणि रेडिएटरच्या टोपणाला कुणी हात लावला नाही. पंधरा पौंडांचं टोपण पाण्याचा उत्कलनबिंदू वीसेक अंश सेल्सिअसने वर नेतं. ते उघडलं की दाब जातो, आणि तोवर शांत दिसणारं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. एसटीच्या जुन्या लोकांत हातावर असा पांढरा डाग असणारे दोन-तीन जण तरी मिस्त्रींना आठवतात.

घरी आल्यावर मुलाने मागचं झाकण उघडून टॉर्च मारला. रेडिएटर लख्ख. मग थर्मोस्टॅट असेल, पाण्याचा पंप असेल, सेन्सर असेल, अशी यादी त्याने सुरू केली. मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला.

“वारं कुठनं येतंय?”

सगळा घोटाळा इथेच आहे. पुढे इंजिन असलेल्या बसचा रेडिएटर तोंडावरच असतो. सांगली भागात त्याच्यावर उसाच्या पाचटाची धूळ, भुसा, किडे बसत. ते आल्यागेल्याला दिसत आणि क्लीनर सकाळी पाण्याचा फवारा मारून मोकळा होई. मागे रेडिएटर असलेल्या पुशरमध्ये पंखा गाडीखालची हवा ओढतो आणि ती इंजिनाकडून मागे, बाहेर ढकलतो. वाटेत आधी इंटरकूलर लागतो, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गार करणारी जाळी; त्याच्यामागे रेडिएटर. म्हणजे हवा घाण घेऊन येते ती आतल्या बाजूने, आणि सोडते इंटरकूलरच्या इंजिनाकडच्या अंगावर. मागचं झाकण उघडून मालकाला दिसतो तो रेडिएटरचा बाहेरचा चेहरा, आणि तो स्वच्छ असणारच. घाण त्याच्यापर्यंत पोचतेय कुठे?

तेव्हा गादी उचलली, फळी काढली आणि मिस्त्री पलंगाच्या पोटात उतरले. डोकं इंजिनावर, पाय निजायच्या खोलीत. आतून आवाज आला, “नमदा बसलाय.”

धूळ तर वाळवंटाची, पण तिचा नमदा झाला तेलामुळे. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये झिरपतो. त्याला वाट द्यावी लागते, नाहीतर दाब वाढून सील तेल सोडू लागतात. जुन्या डिझेल इंजिनात ही वाट म्हणजे खाली सोडलेली एक उघडी नळी, ब्रीदर. वायूबरोबर तेलाचा धूर येतो. नळीचं तोंड पंख्याच्या अलीकडे असलं, की पंखा तो धूर ओढून जाळीवर मारतो. वीस वर्षं रोज थोडं तेल, रोज थोडी धूळ. मिस्त्रींनी बोटावर घेतलं तर मशेरीसारखं काळं, पण चिकट.

मुलगा तोवर प्रेशर वॉशर भाड्याने आणायला निघाला होता. मिस्त्रींनी त्याला थांबवलं आणि जाळीतली एक पाती अंगठ्याच्या नखाने दाबून दाखवली. वर्खापेक्षा जरा जाड, नखाने वाकते. जोराच्या धारेने अशा हजारो पात्या एका मिनिटात आडव्या होतात, आणि मग घाण निघूनही वारं जात नाही. त्यांना हवा होता औषध मारायचा पंप, तासगावकडे द्राक्षबागेत पाठीला लावून फिरतात तसा. इथे तो बागकामाच्या दुकानात मिळाला.

आणि साबण. या मुद्द्यावर मिस्त्री जरा जास्त बोलतात, त्याला कारण आहे. कार्यशाळेत लोखंडी भाग धुवायला गरम कॉस्टिकची टाकी असे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शिकाऊ पोराने संध्याकाळी अॅल्युमिनियमचा एक भाग त्या टाकीत टाकला आणि घरी गेला. सकाळी टाकीतून निघाला तो अर्धा खाल्लेला, भोकं पडलेली भाकरी. कॉस्टिक अॅल्युमिनियमला खातं, बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे. ते पोर कोण, हे मिस्त्री सांगत नाहीत, पण ही गोष्ट सांगताना मुलाकडे बघतही नाहीत. तर, इंटरकूलर अॅल्युमिनियमचा. म्हणून डब्यावर ‘अॅल्युमिनियमला चालेल’ असं स्पष्ट छापलेलाच साबण घ्यायचा, आणि तोही पात्यांवर वाळू द्यायचा नाही.

सकाळी सहाला काम सुरू झालं, कारण इंजिन गार हवं आणि ऊन नको. बॅटरीचा मेन स्विच बंद. आल्टरनेटर आणि वायरींच्या जोडण्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधल्या. पलंगातून, इंजिनाच्या बाजूने, वरून खाली साबण मारला आणि पंधरा मिनिटं थांबले. हे थांबणंच मुलाला जमत नव्हतं. मग बागेच्या साध्या पाइपने पाणी.

इथे खरी अडचण आली. इंजिनाकडून पाणी मारलं तर इंटरकूलरवरची घाण पुढे सरकते आणि दोन जाळ्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसते. मागून मारलं तर रेडिएटरमधून पलीकडे पोचेपर्यंत पाण्यात जोर उरत नाही. पुष्कळ जण पहिली बाजू धुतात, मागून काळं पाणी आलेलं बघून खूश होतात, आणि फटीत नवा नमदा तयार करून ठेवतात. मिस्त्रींनी तांब्याची बारीक नळी घेतली, एक टोक चपटं करून बंद केलं, कडेला ओळीने भोकं पाडली. वरची फोमची पट्टी काढून ती नळी फटीत सोडली आणि भोकांचं तोंड इंजिनाकडे केलं. आता पाणी ज्या वाटेने घाण आली त्याच वाटेने तिला परत काढत होतं. खाली परातीत पडलेलं पहिलं पाणी डांबरासारखं. दुसऱ्या खेपेला चहासारखं. चौथ्या खेपेला त्यात साबणाचा फेस तेवढा दिसला. दुपारचे साडेबारा वाजले होते आणि मिस्त्रींच्या गंजिफ्राकाचा मूळ रंग कुणाला सांगता आला नसता.

बाहेरचं झालं. आतलं राहिलं, आणि आतल्या कामात मिस्त्रींचा अधिकार तितकासा चालला नाही.

त्यांच्या उमेदीच्या काळात आत असे पाणीच. कोकणातून परतणारी गाडी साखरप्याला थांबे, ड्रायव्हर डबा घेऊन नळावर जाई आणि घाटाआधी रेडिएटर भरून घेई. पाणी जड असलं की नळ्यांत खार चढे. मग पितळी टाकीचा डाग सोडवायचा, एकेका नळीतून पोलादी पट्टी फिरवायची, पुन्हा डाग द्यायचा. तांब्या-पितळेचा रेडिएटर असा जन्मभर दुरुस्त होई. आजच्या, प्लास्टिक टाकीच्या अॅल्युमिनियम रेडिएटरला ही सोय नाही. आत खार चढूच द्यायचा नाही, हा एकच मार्ग. म्हणून कूलंटमध्ये साधं पाणी घालायचं नाही, डिस्टिल्डच.

मुलाने कूलंटमध्ये कागदाची पट्टी बुडवली आणि रंग डब्यावरच्या तक्त्याशी ताडून पाहिला. नायट्राइट कमी. मिस्त्रींनी विचारलं, नसेना का, त्याने काय होतं? तेव्हा मुलाने, हा माणूस आपला बाप आहे आणि त्याने हजार इंजिनं उघडली आहेत हे विसरून, त्यांना लायनरची गोष्ट सांगितली. वेट लायनरच्या डिझेल इंजिनात लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो त्या नळीच्या, बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं. प्रत्येक स्फोटाला लायनर किंचित थरथरतो, पाण्यात वाफेचे सूक्ष्म बुडबुडे होतात आणि लायनरवरच फुटतात. फुटताना धातूचा कण घेऊन जातात. नायट्राइट तिथे एक पातळ थर धरून ठेवतं, म्हणून तो मार लायनरला लागत नाही.

मिस्त्री बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “एका बाजूला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडायची. आम्ही म्हणायचो, ओतीव खराब आहे.”

जुनं कूलंट तपकिरी निघालं. ते गटारात सोडायची मिस्त्रींची जुनी सवय मुलाने आवरली: एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, शेजारचं कुत्रं चाटेल आणि मरेल. ते डब्यांत भरून काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर गेलं. मग डिस्टिल्ड पाणी भरायचं, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गाडी चालवायची, गार होऊ द्यायची, काढायचं. असं तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी पुढच्या हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून. कारण हीटरच्या नळ्या अकरा मीटर जाऊन अकरा मीटर परत येतात आणि व्हॉल्व्ह बंद असला तर तेवढं जुनं कूलंट आतच राहतं.

भरताना मिस्त्रींचं डोकं पुन्हा कामाला आलं. मुलगा अर्धंअर्धं मिसळलेलं तयार कूलंट ओतणार होता. पण कितीही काढलं तरी ब्लॉकमध्ये आणि नळ्यांत धुण्याचं पाणी उरतंच, त्यात ते पातळ होणार. गाडीच्या पुस्तकात 48 लिटर लिहिलं होतं. मिस्त्री म्हणाले, आधी 24 लिटर अस्सल ओत, मग पाणी बसेल तेवढं. हवा निघून गेल्यावर, दोन दिवस चालवून, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब ठेवून पाहिला: निम्माशिम्मा.

ब्रीदरची नळी त्यांनी रबरी होजने लांबवून रेडिएटरच्या मागे नेली आणि टोकाला एक बाटली बांधली. बाटलीला वर भोक ठेवलं, नाहीतर वायूची वाटच बंद व्हायची.

सप्टेंबरच्या एका तापलेल्या दुपारी ते पुन्हा त्या चढाला लागले. बेकरचा थर्मामीटर 106 दाखवत होता. एसी चालू ठेवून हॅलोरन समिट गाठलं तेव्हा काटा 198 वर होता. मुलगा तो आकडा मोठ्याने वाचत होता. मिस्त्रींचं लक्ष नव्हतं. पुढच्या पंपावर गाडी थांबताच ते उतरून मागे गेले, वाकून बाटली बघितली आणि खिशातल्या वहीत लिहिलं: चढ 198, तेल दोन बोटं, पट्टा ठीक.

नात मात्र जागेवरून हलली नाही. हीटरचं बटण बंद आहे ना, ते ती तिसऱ्यांदा तपासत होती.