दारातली खुंटी

आमच्या धर्मगुरुनिवासाच्या दाराशी एक सागवानी कोटस्टँड उभा आहे. मधोमध खांब, वर चहूबाजूंनी खुंट्या, खाली चार पाय. वसईच्या दमट हवेत कोट कोण घालतो? त्यामुळे त्यावर छत्र्या, रेनकोट आणि पिशव्याच विसावतात. हाती येईल ते मी वर्षानुवर्षे त्यावर टाकीत आलो.

एका आषाढात मध्यरात्री दार वाजले. बाहेर एक तरुण चिंब भिजून उभा होता. "फादर, बाबांचं काही खरं नाही. लवकर चला."

रुग्णाभ्यंगाच्या तेलाची पिशवी स्टँडवरच होती. परंतु तिच्यावर ओले रेनकोट, शाल आणि कागदपत्रांची जड थैली. घाईने ओढताच अवघा स्टँड कोसळला. त्या ढिगातून तेलाची कुपी शोधण्यात काही मिनिटे गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा वृद्धाने प्राण सोडला होता. रुग्णाभ्यंग जिवंतांसाठी असतो. मी मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली. मुलाने एका शब्दानेही मला दोष दिला नाही. तेच अधिक बोचले.

दुसऱ्या दिवशी मी स्टँड रिकामा केला. जड पिशव्या एकाच बाजूस टांगल्या तर तो कलंडतो. त्या समोरासमोर, शक्यतो खालच्या खुंट्यांवर हव्यात. ओला रेनकोट ओटीवर निथळू द्यावा, नाही तर शेजारच्या कपड्यांना बुरशी धरते. रोज न लागणाऱ्या वस्तूंची जागा कपाटात.

ढिगात माझेच तीन रेनकोट निघाले! चौथ्या शतकातील तूरचे संत मार्टिन आठवले. थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्यांनी आपला झगा कापून अर्धा दिला. त्या झग्याच्या लॅटिन नावावरूनच 'चॅपेल' हा शब्द आला. प्रार्थनास्थळाला नाव मिळाले ते वाटून घेतलेल्या वस्त्रावरून! माझ्या रेनकोटांपैकी दोन गरजूंकडे गेले.

आता एका खुंटीवर फक्त तेलाची पिशवी असते. प्रिय वाचकहो, आपल्या दारातलीही एक खुंटी अशीच राखून ठेवा. आजाऱ्याच्या कागदांची पिशवी असो वा शेजाऱ्याच्या मदतीला धावताना लागणारी छत्री, ती अंधारातही हाताला लागली पाहिजे. हाक कधी येईल, हे आपल्या हाती नाही. तयार राहणे मात्र आहे.