व्हय म्हाराजा

शिमग्यात आमच्या सावर्ड्याला लोक एकमेकांवर पेटती लाकडं फेकतात. होल्टे होम म्हणतात त्याला. पाहुणे मोबाइल सरसावून तेच बघायला येतात. मला मात्र ओढ असते ती पालखी दारात आल्यावरच्या गाऱ्हाण्याची. मानकरी देवापुढे उभा राहतो आणि घरातलं सगळं त्याच्या तोंडून अंगणात येतं: पोराची नोकरी, सुनेचं दुखणं, आटलेली म्हैस. प्रत्येक मागण्याला अख्खी वाडी साथ देते, 'व्हय म्हाराजा!'

बाबा परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या शिमग्याला आलेले चाकरमानी परतीच्या एसटीची घाई करेनात. जायचं कुठे? संप पुढे गावाकडच्या भातावर तगला हे मी नंतर वाचलं. तेव्हा एवढंच कळायचं, की बाबा घरी आहेत आणि कुणाशी बोलत नाहीत. आईने मानकऱ्याला आधीच गाठून ठेवलं होतं. 'गिरणीचं दार बंद झालंय, तुझ्या लेकराच्या हाताला काम दे,' असं तो खणखणीत म्हणाला, तेव्हा बाबांनी मान खाली घातली. पण साथ देणाऱ्यांत चार घरं संपवाल्यांचीच होती. त्यांचा आवाज जरा जास्तच चढला. त्या रात्री बाबा आईशी सावकाराच्या पैशांबद्दल बोलले. कितीतरी दिवसांनी.

गिरणी काही त्यांना परत मिळाली नाही. देवाच्या खात्यावर हे मांडून ठेवायलाच हवं.

लग्नानंतर मी डोंबिवलीकर झाले. 1998मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि माहेर एका रात्रीवर आलं. यजमान गेले तेव्हा मुलीने मला समुपदेशकाकडे नेलं. बाई चांगल्या होत्या. 'बोला, मन हलकं होईल,' म्हणायच्या. माझ्याकडे शब्दच नव्हते आणि तासभर त्यांच्या टेबलावरच्या घड्याळाकडे बघून मी घरी यायची. त्या वर्षी शिमग्याला मानकऱ्याने न सांगताच माझं नाव घेतलं, 'माहेरवाशीण एकटी पडलीय, तिला बळ दे.' दुसऱ्याने माझ्या वतीने बोलावं आणि मी फक्त उभं राहावं, एवढंच मला झेपण्यासारखं होतं. ओटी भरायला मात्र मला पुढे होऊ दिलं नाही. ज्या वाडीने माझ्यासाठी साथ दिली, तिनेच हेही केलं. त्याचा राग अजून आहे आणि तो मी सोडणारही नाही.

मग महामार्ग चौपदरी व्हायला घेतला. रस्त्यालगतचं आमचं घर त्यात गेलं. मोबदल्यावरून दादाचं आणि माझं बोलणं बंद झालं. पैशापेक्षा जुनंच जास्त निघालं: बाबांच्या आजारपणात कोण राहिलं, कोण नुसतं पाकीट पाठवत होतं.

यंदा पालखी दादाच्या नव्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, स्कूटर बाजूला सारून नाचवली. मी मानकऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, 'ताई, दादांनी सकाळीच सांगितलंय.' गाऱ्हाण्यात त्याने भावाबहिणीचं एकच वाक्य घेतलं आणि पुढे पावसापाण्याकडे वळला.

जेवताना दादाने विचारलं, 'सहीला कधी येतेस?'

'मे महिन्यात. आणि बाबांच्या औषधांच्या हिशेबाची वही आणू नकोस.'

'ती मीही शोधतोय,' तो म्हणाला, 'घर पाडताना कुठे गेली कोण जाणे.'