यात्रेची वही

चैत्र लागला की भोरला आमच्या आळीत सुंठीचा वास सुटतो. राजवाड्यातल्या रामाच्या उत्सवासाठी प्रत्येक घरातून थोडा थोडा सुंठवडा जातो. आम्ही सात-आठ जणी तो एकत्रच करतो. एकीने खोबरं किसून भाजायचं, एकीने खसखस, एकीने साखर दळायची. मिक्सर आल्यापासून कुटणं गेलं, पण चाळणं अजून आहे, आणि ते माझ्याकडे. गुडघे दुखतात म्हणून बसून करायचं काम मला दिलंय असं सगळ्या म्हणतात. खरं कारण असं की मी चाळताना गप्पा मारत नाही!

आपला राजवाडा 1869 सालचा. पंतसचिवांचं संस्थान 1948 साली मुंबई राज्यात विलीन झालं, पण रामजन्म काही विलीन झाला नाही. तो राजवाड्यातच होतो, बरोबर बाराच्या ठोक्याला. एरवी त्याच वास्तूत सिनेमावाले येतात, मोठमोठे दिवे लावतात, आणि आमच्या नेहमीच्या खांबांना पडद्यावर भलत्याच राजाचं वैभव येतं. रामनवमीला मात्र खांब आपले असतात. कीर्तनकार बुवा उभे राहिले की मागच्या सतरंजीवर कोण बसलंय, कोण यंदा आलं नाही, हे न वळता कळतं. यंदा दोन जागा रिकाम्या होत्या. असो.

पण मला आज सांगायचंय ते यात्रेबद्दल. माझी नोकरीतली सात वर्षं वेल्ह्याकडे, कानंद खोऱ्यातल्या एका गावात गेली. रुजू झाले त्याच वर्षी चैत्रात गावकरी शाळेत आले. म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं, वर्गणीची वही तुम्ही लिवा." तेव्हापासून ती वही माझ्याकडे आहे. बदली झाली, सेवानिवृत्त झाले, हे गेले, तरी यात्रेच्या आदल्या दिवशी कोणीतरी जीप घेऊन न्यायला येतंच.

जुन्या वह्या मी टाकलेल्या नाहीत. सुरुवातीच्या पानांवर दोन रुपये, पाच रुपये, एक पायली तांदूळ, एक नारळ अशा नोंदी आहेत. नावापुढे ठिकाण लिहायची पद्धत होती. त्यामुळे लालबाग, शिवडी, भायखळा ही नावं मी मुंबई पाहण्याआधी या वहीत लिहिली. अर्धं गाव मुंबईत, गिरणीत नाहीतर गोदीत नाहीतर माथाडीत. ही मंडळी दिवाळीला येतील न येतील, यात्रेला यायचीच. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि लालबाग जाऊन धायरी, कात्रज, हडपसर आलं. आता दोन नावांपुढे 'दुबई' आहे.

संध्याकाळी लाऊडस्पीकरवरून वही वाचतात. त्याशिवाय पालखी उठत नाही. मग छबिना निघतो. हलगी, सनई, लेझीम, गुलाल. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची हजेरी आणि दुपारी आखाडा. पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या मला मोठ्या कुस्त्यांपेक्षा आवडतात. हरलेलं पोर रडतं, पण मुठीतली रेवडी सोडत नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत एक अडचण आली. वहीच्या पहिल्या पानावर मी वळणदार अक्षरात 'तालुका वेल्हे' लिहायची. 2024 साली मंत्रिमंडळाने तालुक्याला राजगड नाव द्यायला मंजुरी दिली, आणि पोरांनी लगेच माझ्या हातून पेन घेतलं. मी म्हटलं, दोन्ही लिहा, कागद पुष्कळ आहे. पुढे 11 जुलै 2025 ला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात आपला राजगड आला. आनंद झालाच. पण राजगडावर गाड्या भरभरून येणाऱ्यांना खालच्या गावात यात्रा भरते हे माहीत नसतं, आणि पालखीला खांदा द्यायला मात्र दरवर्षी माणसं मोजावी लागतात.

आता चिरंजीव हे वाचतीलच, म्हणून त्यांचीही बाजू सांगते. तो इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला असतो. "आई, आता एकटी राहू नकोस, इकडेच ये," हे गेली तीन वर्षं चाललंय. मी तिथे राहून आलेय आणि रमलेही होते. फेब्रुवारीत त्यांनी मला जवळच्या ओल्नी गावात नेलं. तिथे उपासाचा महिना-दीड महिना सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी बायका तव्यात धिरडं घेऊन पळतात! 1445 साली कोणी गृहिणी धिरडी करत होती, चर्चची घंटा ऐकू आली आणि उशीर झाला म्हणून ती तवा हातात घेऊनच धावली, अशी तिथली कथा. चारशे पंधरा यार्डांची शर्यत, अंगात एप्रन, डोक्याला रुमाल, आणि धिरडं उडवून पुन्हा झेलायचं. अमेरिकेतलं एक गाव 1950 पासून त्याच दिवशी त्यांच्याशी स्पर्धा करतं. मी थंडीने काकडत टाळ्या वाजवल्या. घंटा वाजली तेव्हा मला नसरापूरच्या बनेश्वराची घंटा आठवली. तीही चर्चचीच, 1683 सालची, चिमाजी आप्पांनी वसईहून आणलेली.

शर्यतीचा एक नियम सूनबाईंनी वाचून दाखवला. पळणारी बाई किमान तीन महिने त्या गावात राहिलेली असावी लागते. नात म्हणाली, "आजी, तू तीन महिने राहा, म्हणजे तूपण पळशील." सगळे हसले. मी मात्र मनात हिशेब केला, तीन महिने म्हणजे नेमका चैत्र हुकणार.

मुलाचं म्हणणं चूक नाही. रात्री छातीत दुखलं तर काय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण तिथे मी पाहुणी होते. टाळ्या वाजवणं सोडून कोणी मला काही काम सांगितलं नाही. इथे लोक मला दमवतात.

माझ्या सासूबाईंचं माहेर वेळवंड खोऱ्यातलं. भाटघरचं धरण झालं आणि जुनं गाव पाण्यात गेलं, तेव्हा त्या पाळण्यात होत्या. कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ वर्षातला बहुतेक काळ पाण्याखाली असतं, मे महिन्यात पाणी ओसरलं की बाहेर येतं. सासूबाई असेपर्यंत आम्ही दर उन्हाळ्यात जायचो. चिखल वाळून भेगा पडलेल्या असायच्या. त्या भेगा ओलांडत त्या जायच्या, पदराने पायरी पुसायच्या, दिवा लावायच्या. पंधरा दिवसांत पुन्हा बुडणार त्याला कशाला पुसता, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, माझ्या हातात दुसरं फडकं दिलं.

यंदा मी पुतण्याला घेऊन जाऊन आले. पायरीपर्यंत त्याने हात धरला, पुसलं मीच.

काल मुलाचा पुन्हा फोन आला, तिकीट काढू का म्हणून. मी सांगितलं, वटपौर्णिमेनंतरचं काढ, आणि परतीचं फाल्गुनातलं. यात्रेच्या हिशेबात अजून साडेचारशे रुपये जुळत नाहीयेत, ते सापडल्याशिवाय मला हलता येणार नाही. वही बरोबर आणू नकोस म्हणाला. वही कशी आणीन? ती गावाची आहे. पण बारावीतली एक मुलगी आहे तिथे, अक्षर सुरेख आहे. यंदा शेवटची चार पानं तिच्याकडून लिहून घेतली. आकड्यांचे सात आणि एक सारखेच काढते, एवढं सुधारायचंय.