तीन चाकांची लाज कशाला?

तीनचाकी सायकल म्हटली की आपल्याला लहान मूल आठवते, नाही तर हाताने चाक फिरवणारा अपंग बांधव. म्हणूनच साठी उलटून तोल जाऊ लागला की आम्ही मंडळी दोनचाकी सोडतो आणि सायकलच सुटते.

युरोप-अमेरिकेत मात्र धडधाकट माणसेही हौसेने ‘रिकम्बन्ट ट्राइक’ चालवतात. बहुधा पुढे दोन चाके, मागे एक. पाठ टेकायची, पाय पुढे पसरून पायडल मारायचे. मनगटावर भार नाही. चढावर कितीही हळू गेले तरी तोल जाण्याची भीती नाही.

दोनचाकीची बाजूही खरी आहे. ती हलकी, स्वस्त. चाळीच्या जिन्यावरून खांद्यावर नेता येते. ट्राइक साधारण १५ ते २० किलोची, रुंद नि महाग. बुटकी असल्याने ट्रकवाल्याला दिसावी म्हणून उंच झेंडा लावावा लागतो.

पाठ टेकून चालवणे म्हणजे दुबळेपणा, असेही नाही. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या दुय्यम गणल्या गेलेल्या सायकलपटूने अशाच, पण दोनचाकी, सायकलीवर तासात ४५ किलोमीटर कापून जुना विक्रम मोडला. १९३४ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने सायकलीची व्याख्याच अशी केली की ती बाहेर पडली. जिंकणाऱ्यालाच बाहेर ठेवणारे नियम आपल्याला नवे नाहीत.

तथागतांनी पारखून घ्यायला शिकवले. तोल शाबूत, वाट अरुंद, तर दोनचाकी बरी. गुडघे-कंबर कुरकुरतात, रस्ता मोकळा आहे, पैशाची सोय आहे, तर तीनचाकी. लोक काय म्हणतील, हे मात्र पारखण्यात धरू नये.