पाहुण्यांची सुरत, आमची सुरत

सुरतेस येणारा पाहुणा, विशेषतः पुण्या-साताऱ्याकडचा, बहुधा दोन गोष्टी मनाशी धरून येतो, असा आम्हां सुरतवासी मराठी मंडळींचा जुना अनुभव आहे. एक म्हणजे येथे साड्या स्वस्त मिळतात आणि दुसरी म्हणजे महाराजांनी लुटली ती सुरत हीच. साड्यांचे काम सोपे असते. रिंगरोडवरच्या बाजारात एक दुपार घालविली की पाहुण्यांच्या पिशव्या भरतात. लुटीचे मात्र अवघड. “ती जागा कुठे हो?” असे विचारतात, तेव्हा कोणती जागा दाखवावी हा आम्हांस प्रश्न पडतो. मग आम्ही त्यांना चौकबाजारात, तापीकाठच्या किल्ल्यापाशी नेतो.

किल्ला सोळाव्या शतकातला, खुदावंदखानाने बांधलेला. त्याची आता महानगरपालिकेने चांगली डागडुजी केली असून आत संग्रहालय आहे. जानेवारी १६६४ मध्ये सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला आणि शहर उघडे पडले. शहराभोवती तेव्हा मातीची कच्ची भिंत होती. फ्रेंच प्रवासी थेव्हनो दोन वर्षांनी, १६६६ साली, येथे उतरला तेव्हा तिच्या जागी विटांचा कोट बांधण्याचे काम चालू होते. हे सांगितले की पाहुण्यांचे डोळे चमकतात. त्यांचे मन अर्थातच कोटाच्या बाहेर, घोड्यांच्या बाजूला असते. आमचेही लहानपणापासून तेथेच असे. महाराजांचे नाव घेताना आमचाही ऊर भरून येतो. पण ज्या वीरजी व्होराची पेढी तेव्हा रिकामी झाली, त्याच्याच गावात आमच्या तीन पिढ्या नांदल्या आहेत. शेजारच्या घरी लग्न निघाले तर पहिले आमंत्रण आमच्याकडे येते. तेव्हा किल्ल्यासमोर उभे राहून केवळ पाहुण्यांच्या डोळ्यांनी पाहणे आम्हांस जमत नाही. बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलेली एक हकीकत मात्र आम्ही आवर्जून सांगतो. डचांचा एक दलाल, तेव्हा हयात नसलेला, जिवंतपणी मोठा दानधर्म करणारा होता, म्हणून त्याचे घर महाराजांनी राखले. ही हकीकत कोटाच्या आतल्या आणि बाहेरच्या दोघांनाही आवडते.

२०२४ साली ‘लूट’ हा शब्द वापरावा की नाही यावरून महाराष्ट्रात मोठे राजकीय वादंग माजले, ते आम्ही येथे बसून वाचले. गंमत अशी की खुद्द सुरतकरास १६६४ आणि १६७० फारसे खुपत नाही. जुन्या शहरातला माणूस आपल्या गावच्या आपत्ती मोजू लागला की आधी १८३७ ची आग सांगतो, मग तापीच्या ‘रेल’. पुराला येथे रेल म्हणतात, हे नव्या पाहुण्यास आधी सांगावे लागते, नाहीतर तो आगगाडीचा अपघात समजतो! कवी नर्मद याच गावचा. त्याने सुरतेची संक्षिप्त हकीकत लिहिली आणि त्याचे आमलीरानमधले घर आजही जपलेले आहे. पण तेथे नेण्याचा आग्रह आजवर एकाही पाहुण्याने धरलेला नाही.

परक्या प्रवाशांना सुरतेत काय दिसले, हा वेगळाच विषय आहे. १६८९ साली आलेला ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री येथल्या जनावरांच्या पांजरपोळाचे वर्णन करतो आणि पुढे सांगतो की ढेकूण-पिसवांसाठीही वेगळी सोय होती. त्यांना रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरिबास पैसे देऊन रात्रभर खाटेवर निजवीत. पाहुण्यास जे विचित्र दिसते तेच तो टिपून ठेवतो. १९०७ च्या डिसेंबरात आपली मंडळीही पाहुणी म्हणून येथे आली होती. काँग्रेसच्या त्या अधिवेशनात टिळकांच्या आणि मवाळांच्या झटापटीत एक दक्षिणी जोडा व्यासपीठावर येऊन पडला आणि काँग्रेस दुभंगली. मांडव यजमानांचा, जोडा आपला. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातले आमदार रातोरात येथे आले आणि पुढे गुवाहाटीस गेले, त्याविषयी आम्ही काही बोलत नाही; मराठी राजकारणास सुरतेचे पाणी मानवते एवढे खरे.

येथे मराठी माणसास ‘भाऊ’ म्हणतात. गुजराती तो भाई, मराठी तो भाऊ. शब्द प्रेमाचाच, परंतु कधीकधी तो ज्या सुरात उच्चारला जातो त्यात “तुम्ही बाहेरचे” एवढे ऐकू येते. उलट सुट्टीत पुण्यास गेलो की आमच्या बोलण्यातली गुजराती वळणे ऐकून आतेभावंडे हसतात आणि “आले सुरतवाले” म्हणतात. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत मागांच्या आधाराने स्थिरावलेल्या जळगाव-धुळ्याच्या कुटुंबांची गोष्ट याहून निराळी नाही. तेथील बाजारात अहिराणी मोकळेपणी कानांवर पडते आणि महानगरपालिका आपल्या शाळांतून मराठी माध्यमही चालविते. तरी भाऊ तो भाऊच.

हा भेद एकदाच पुरता पुसला गेलेला आम्ही पाहिला. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची वार्ता पसरली आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन दिसेनासे झाले. आमच्यापैकी जे नातलगांच्या दारी पोचले, त्यांतील कित्येकांना ओट्यावर बसवून ठेवण्यात आले, जेवणाचे ताट दुरून सरकविण्यात आले. त्या घरांना आम्ही दोष देत नाही. भीती खरी होती. मात्र त्या ओट्यावर बसलेल्यांना कोणी भाऊ म्हणाले नाही की भाई म्हणाले नाही. ते नुसते सुरतेचे होते. आणि मागे राहिलेल्या घरांतून, तोंडाला रुमाल बांधून, गुजराती शेजारणीने आमच्या दाराशी दुधाची पिशवी ठेवली ती रोज, न चुकता.

पुढे १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांनी शहर धुऊन काढले, रात्री रस्ते झाडण्याची पद्धत पाडली. स्वच्छ सर्वेक्षणात २०२३ साठी सुरत इंदूरच्या बरोबरीने पहिली आली. आता येणारा पाहुणा “काय हो स्वच्छता!” म्हणतो. ओट्यावरचे ताट आठवणारी मंडळी हसून मान डोलावतात.

खाण्याचे काय सांगावे! सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, अशी म्हणच आहे. थंडीत पोंकाचे ठेले लागले की पाहुण्यास घेऊन जावे. कोवळ्या ज्वारीचे ते हिरवे दाणे, वर लिंबू-मिऱ्याची शेव. पाहुणा पहिल्या घासालाच म्हणतो, “अहो, हा तर आपला हुरडा!” कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदणी पडव्यास, सारे गाव घारी खाते, ती तुपाने इतकी जड असते की घरी नेऊन हळूहळू खाण्यातच शहाणपण आहे.

आणि तापी. मुलताईस उगम पावून, भुसावळवरून, उकाईच्या धरणात थांबून ती आमच्यापर्यंत येते. ऑगस्ट २००६ च्या रेलीत निम्म्याहून अधिक शहर पाण्याखाली गेले; कित्येक भिंतींवर त्या पाण्याच्या खुणा लोकांनी मुद्दाम रंगवून ठेवल्या. तेव्हापासून पावसाळ्यात सुरतकराचे लक्ष उकाईच्या ३४५ फुटांकडे लागलेले असते. हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की भुसावळचे मामा आधी आम्हांस दूरध्वनी करतात. मग शेजारचे काका जिन्यातूनच हाक मारतात, “भाऊ, शुं खबर? पाणी केटलुं?” आम्ही मामांनी सांगितलेला आकडा सांगतो, आणि घटकाभरात तो साऱ्या सोसायटीत पोचलेला असतो.