आठवलेली आज्ञा, बदललेली संहिता

संगणकाला अक्षरांतून आज्ञा देण्याचे जे माध्यम, त्याला ‘शेल’ म्हणतात. दिलेली प्रत्येक आज्ञा ते क्रमाने नोंदवून ठेवते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बर्कली येथे बिल जॉय यांनी घडवलेल्या ‘सी शेल’मध्ये दोन उद्गारचिन्हे लिहिली की मागची आज्ञा परत येई. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेल्या ‘बॅश’मध्ये वरचा बाण दाबताच जुनी ओळ समोर उभी राहते; तिच्यातला शब्द बदलून ती पुन्हा चालवता येते. यवतमाळलगतच्या लोहाऱ्यात असो वा बर्कलीत, रीत हीच.

या रीतीत संहितेविषयीची एक भूमिका दडलेली आहे. ओळ दुरुस्त करून चालवली, तर मूळ ओळ जागच्या जागी शाबूत राहते आणि दुरुस्त ओळ यादीच्या शेवटी नवी म्हणून नोंदली जाते. मात्र ओळीत बदल करून, ती न चालवताच दुसऱ्या ओळीकडे वळले, तर ‘बॅश’च्या नेहमीच्या मांडणीत तो बदल मूळ ओळीच्याच जागी बसतो. यादीत तिच्यापुढे फक्त एक तारा दिसतो. आधीचा शब्द दिसत नाही.

मराठीला हा पेच जुना आहे. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण एकनाथांनी १५८४ मध्ये केले आणि तिच्यात कोणी आपली ओवी घालू नये, असेही बजावले. ती दुरुस्ती पूर्णत्वाला गेली, परंपरेत रुजली. पण हस्तलिखितांच्या व्यवहारात जुनी ओळ आपोआप राखणारी यादी नव्हती. एकनाथपूर्व पाठ हा म्हणूनच संशोधनाचा विषय झाला. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली, ती याच शोधातून.

अर्थात शेलची स्मृतीही अपुरीच. ती आज्ञा जपते, तिला मिळालेले उत्तर नाही. शब्द का बदलला, हेही ती सांगत नाही. ते कारण पाठचिकित्सकालाच शोधावे लागते. पण त्यासाठी दोन्ही पाठ हाती असावे लागतात. संपादकाचे पहिले उत्तरदायित्व म्हणूनच अचूकतेचे नव्हे, तर आपण बदललेली ओळ मागे शिल्लक ठेवण्याचे ठरते.