मृगाच्या आधी

अमरावती, १५ मे

चि. बाळू यास,


लग्नाच्या मांडवात तू सगळ्यांसमोर म्हणालास, "मामाजी, पाऊस-उन्हाचं पुढं काय होईन ते कोणालेच पक्कं माहीत नाही, मंग महापालिकेनं आतापासून कायले पैसा घालावा?" पाहुण्यांत बोललो नाही, पण झोप उडाली. तू महापालिकेतला इंजिनिअर, आणि तूच असं बोलावंस?

अरे, पक्कं माहीत नाही म्हणूनच तयारी करायची! तुझे आजोबा दर वैशाखात कवेलू फेरून घ्यायचे. पाऊस किती पडणार, हे त्यांना कुठे ठाऊक असायचं?

आणि तुझ्या अकोल्यात काय व्हायचं राहिलंय? जुलै २०२१ मध्ये मोर्णा नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा ताईने, तुझ्या आईने, गव्हाची पोती पलंगावर चढवली होती. खालचं पोतं फुगून फाटलं. मे २०२४ मध्ये पारा पंचेचाळिशीपार गेला आणि उन्हापायी कलम १४४ लावावं लागलं. मजुरांना पाणी द्या, पंखे द्या, शिकवणीच्या वेळा बदला, असे आदेश निघाले, पण कधी? मे सरता सरता. हेच फेब्रुवारीत ठरवायला कोणी अडवलं होतं?

अहमदाबादेत मे २०१० च्या उन्हात नेहमीपेक्षा तेराशेच्या वर माणसं जास्त गेली. मग २०१३ मध्ये तिथे उष्णतेचा आराखडा झाला : आगाऊ इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणपोया. यात धरणाएवढा पैसा लागत नाही रे.

माझं जुनंच म्हणणं पुन्हा ऐक. इंग्रजांच्या काळात वडाळी आणि छत्री तलाव अमरावतीला पाणी पाजायचे. आज सगळी भिस्त सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणावर, तुमची काटेपूर्णेवर. एकाच धरणाच्या भरवशावर शहर ठेवू नये. खारपाणपट्ट्यात तर बोअर मारला तरी पाणी खारटच. म्हणून तलावांतला गाळ उपसा, गोड्या पाण्याच्या जुन्या विहिरी जपा. दुष्काळ नाही पडला म्हणून गाळ काढलेला तलाव वाया जातो का? मनावर घेतलं की जमतं. तीन ते दहा लाख वस्तीच्या शहरांत स्वच्छ हवेसाठी आमची अमरावती २०२३ ला आणि २०२५ ला देशात पहिली आली.

ताईची मात्र काळजी वाटते. भर दुपारी टिनाच्या खोलीत कुरड्या करत बसते, माझं ऐकत नाही. या रविवारी टिनावर चुना मारून घे. आणि मोर्णेकाठच्या नाल्यांची फाइल मृगाच्या आधी वर गेली की नाही, ते फोन करून सांग.

तुझा मामा